फॉस्टिनच्या पिंपातले किडे

फॉस्टिन संडासाच्या पाण्याची दारू गाळतो, असं १९६१ साली अख्खा आचरा गाव सांगत होता, आणि मीही. परसात पिंप होतं, वास होता, आणि म्हातारा दिवसातून चारदा त्यात वल्हं घालून ढवळायचा, एवढं खरं. दारू तेवढी नव्हती.

मुंबईच्या गटारखात्यात वीस वर्षं काढून तो खोकला घेऊन गावी परतला होता. दवाखान्याला मैल्याची टाकी बांधायची ठरली, तेव्हा जागा त्यानेच दाखवली: शेजारच्या आनंदीबाईच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. टाकीतले जंतू घाण खाऊन टाकतील, हा त्याचा भरवसा. पण कंपाउंडर लवू रोज बादलीभर फिनेल टाकीत जाणाऱ्या मोरीत ओतायचा. टाकी मेली, कच्ची घाण विहिरीत झिरपली, आणि आनंदीबाईची सात वर्षांची सावित्री दोन दिवसांच्या हगवणीत गेली.

"फिनेल जंतू मारण्यासाठीच असतं, फॉस्टिनबाब," लवू हापिसातल्या मराठीत म्हणाला.

"मारलंस मां? आता घाण कोण खातलो, तुझो बापूस?"

फिनेल थांबणार नव्हतं; वरून हुकूम होता. मग फॉस्टिनने टाकीच्या तळचा गाळ आणि शेण पिंपात कालवलं आणि त्यालाच फिनेल पाजायला घेतलं. आधी थेंब, मग चमचा. दोन पिंपं वाया गेली. तिसऱ्यात वाटीभर फिनेल ओतलं, तरी चार दिवसांत त्याचा वास नाहीसा झाला.

"दारुड्याची गत," तो परसात बायकोला म्हणाला; मी कुंपणाआडून ऐकत होतो. "पैलो घोट पचना नाय, मगे सोडवना नाय."

"किड्यांक दोन वेळ घालतस," लुईझा म्हणाली. "माका कधी इचारलस, जेवलस काय म्हणान?"

तो गाळ टाकीत पडला आणि महिनाभरात टाकी जिवंत झाली. फॉस्टिन आनंदीबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. विहीर आणखी वर्षभर वापरू नकोस, म्हणाला.

"आता बावीचा माका काय करूचा?" ती म्हणाली. "पिवचा ता चेडू गेला."

तो खोकत परत आला. त्या खोकल्याची आणि 'पैलो घोट'ची नक्कल बाजारात मी करायचो, लोक पोट धरून हसायचे. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मासा तीन दिवससुद्धा टिकणार नाही, अशी मी त्याच्याशी पैज लावली. टिकला तर नक्कल बंद.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने त्याच पाण्याचं घमेलं माझ्यापुढे ठेवलं. ओढ्यातला मासा आत शेपटी हलवत फिरत होता. फॉस्टिन हसला नाही. त्यानंतर बाजारात ती नक्कल मी पुन्हा केली नाही.