काकूंच्या घरची अदलाबदल

काकू डबा उघडायच्या आधी कानाशी धरायच्या. दोन्ही हातांनी, डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारख्या. मग एकदाच हलवायच्या. आतून खडखड ऐकू आली तर म्हणायच्या, "बोलतोय!" आणि काहीच ऐकू आलं नाही तर, "मुका आहे. नरम पडली गं तुझी." बिस्किटात बघायचा गुण त्यांच्या लेखी एकच, तो म्हणजे कडकपणा. चवीचं काय ते नंतर बघू.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते, त्यामुळे माझा डबा सगळ्यांत आधी त्यांच्या कानाशी जायचा. तो बहुतेक मुकाच निघायचा.

तुमच्याही कॉलनीत अशी एखादी असेलच. बोलावलं नाही तरी येणारी, आणि आपण गेलो की उठू न देणारी. आमची ही नाशिक रोडची कॉलनी जुनी, निम्मे लोक नोटांच्या प्रेसमधले किंवा रेल्वेतले, आणि सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक. त्यात काकूंचं एक वाक्य कॉलनीभर प्रसिद्ध होतं, "अजून जरा राहू दे." चहा उकळून काळा झाला तरी अजून जरा राहू दे. फोटो काढणाऱ्याचा हात अवघडला तरी अजून जरा राहू दे, मी पदर नीट करते. घरी जायला निघालेल्या माणसालाही तेच. आणि भट्टीतल्या नानकटाईलाही तेच, हे मात्र आमचं दुर्दैव.

दिवाळी जवळ आली की आमच्याकडच्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर घरून घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातात आणि आपल्यादेखत बिस्किटं भाजून आणतात. काकू पीठ घरीच मळायच्या, आणि छानच मळायच्या. घोटाळा भट्टीपाशी व्हायचा. सगळ्यांच्या नानकटाया गुलाबी होऊन बाहेर येत, काकूंच्या तोंडून "अजून जरा राहू दे" बाहेर येई. भट्टीवाले चाचा हताशपणे पत्रा परत आत सरकवत. मला एकदा म्हणाले होते, "बाकी सबका माल भट्टी में जाता है, आपकी काकी का माल भट्टी में रहता है."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी काकूंच्या घरी बिस्किटांची अदलाबदल असे. ही पद्धत त्यांचीच. प्रत्येकीने आपल्या हातचं एक डबाभर आणायचं, सगळ्यांनी सगळ्यांचं थोडं थोडं घ्यायचं, आणि जाताना आपलं एकही बिस्कीट आपल्या डब्यात दिसता कामा नये. मूळच्या निफाडच्या वहिनी घरचे बेदाणे घालून करायच्या, एक बेदाणा दाताखाली आला की माणूस दुसरं मागायचाच. प्रेसमधले काका हे एकटेच पुरुष. त्यांची बिस्किटं मापात कापलेली, एकासारखं एक. जरा वाकडं निघालं की ते गुपचूप खाऊन टाकायचे, बाहेर जाऊ द्यायचे नाहीत.

आणि मग काकू स्वतः उठून प्रत्येकीच्या डब्यात आपली नानकटाई घालायच्या. तिचं आम्ही काय केलं नाही ते विचारा! मी ती चहात बुडवून ठेवून अंघोळ करून यायची. निफाडच्या वहिनींनी मिक्सरला लावली, तर मिक्सरच दुरुस्तीला गेला. प्रेसमधल्या काकांच्या घरी हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली एक होती, मी स्वतः पाहिली आहे. पण काकूंच्या तोंडावर कोणी ब्र काढला नाही. कारण तो एकदा काढला गेला होता, आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं.

काढला होता त्यांच्या धाकट्या जावेने. ही धाकटी काकू मागच्याच गल्लीत राहायची. दोघींचं आधी इतकं गूळपीठ की भाजी एकीने आणायची आणि निवडायची दुसरीने. मग काकूंच्या मुलाचा साखरपुडा झाला. व्याह्यांनी नानकटाई हातात घेतली, तोंडापाशी नेली, थांबले. तेव्हा धाकटी हसत हसत म्हणाली, "सांभाळून हं, आमच्या ताईंच्या नानकटाईने भिंतीत खिळा ठोकता येतो." सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. दोघे भाऊ टपरीवर भेटून चहा प्यायचे, बायकांचा विषय निघाला की पेपर वाचायचे.

अदलाबदल सुरू झाली ती त्याच्या पुढच्याच दिवाळीला. आम्हाला वाटलं, सगळ्या कॉलनीला आपली नानकटाई खायला लावून काकू धाकटीला उत्तर देताहेत. असेलही तसं थोडंसं. पण आमंत्रणं द्यायला मला पाठवताना त्या म्हणायच्या, "मागच्या गल्लीतही सांग. सगळ्यांना. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना." मी धाकटीकडे जायची. ती म्हणायची, "बघते." आणि यायची नाही. रविवारी काकू दाराला वीट लावून ते सताड उघडं ठेवायच्या, आणि दारासमोरची खुर्ची स्वतःसाठी धरायच्या. जिन्यात पाऊल वाजलं की बोलता बोलता थांबायच्या. तिसरंच कोणी आत आलं की "या, या" म्हणायच्या, पण ते "या" जरा उशिरा यायचं. मला फार वाईट वाटायचं त्यांच्यासाठी. जाऊबाई यावी, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेवढंच तोंडाने म्हणता येत नव्हतं.

मग ते वर्ष आलं. काकूंचा गुडघा सुजला होता, म्हणून भट्टीवर त्यांचं पीठ घेऊन मी गेले. "चाचांना सांग..." त्या म्हणाल्या. "सांगते, अजून जरा राहू दे," मी म्हटलं. भट्टीवर ही गर्दी! चाचा भाजलेला माल ज्याच्या त्याच्या डब्यात भरून झाकणावर आडनावाची चिठ्ठी लावत होते. मी चिठ्ठी बघितली, आडनाव बरोबर होतं, डबे काय सगळ्यांचे सारखेच, बंद डबा उचलला आणि रिक्षा केली. एकाच आडनावाच्या दोन घरांचा माल त्या दिवशी भट्टीवर असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी दुपारी काकूंनी डबा कानाशी धरला. हलवला. पुन्हा हलवला.

"मुका आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

झाकण काढलं तर आत गुलाबी, वरून भेगाळलेल्या, मधोमध चारोळी दाबलेल्या नानकटाया. जायफळाचा वास घरभर झाला. काकू त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. "ही बिस्किटं धाकटीची आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "सासूबाईंसारखी चारोळी ह्या घरात तीच लावते." मी काही बोलणार तेवढ्यात निफाडच्या वहिनी आल्या, त्यांच्यामागे प्रेसमधले काका, आणि बघता बघता खोली भरली. दुसरं काही करायला वेळच नव्हता. काकूंनी ताट फिरवलं.

सगळ्यांनी सवयीने नानकटाई दाढेखाली घेतली, डोळे मिटून, जोर लावून. आणि ती विरघळली! मग एकच कल्ला.

"काकू, लय भारी झाल्यात!" निफाडच्या वहिनी ओरडल्या. "अवो, ही खाऊन बघा तुम्ही!"

"वहिनी, जमलं! ह्या वर्षी जमलं!" प्रेसमधले काका काकूंकडे बघत उभेच राहिले. त्यांच्या आवाजात इतकी सुटका होती की मला हसू आवरेना. ताट एका फेरीत रिकामं झालं. डबाही रिकामा झाला. लोक बोटांनी चुरा गोळा करत होते.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक खऱ्या मनाने झालं होतं. काकूंनी ते गिळून टाकलं असतं तर कोणाला कळणार होतं? मला कळलं असतं, पण मी कशाला बोलते! काकू लाल झाल्या. पदराशी चाळा केला. मग खुर्चीचा हात धरून, सुजलेल्या गुडघ्यावर उभ्या राहिल्या.

"ही माझी नाहीत," त्या म्हणाल्या. "भट्टीवर अदलाबदल झाली. माझ्या धाकट्या जावेची आहेत. तिची अशीच होतात, पहिल्यापासून. माझी कधी झाली नाहीत."

आणि तेव्हा आमचं लक्ष दाराकडे गेलं. उघड्या दारात धाकटी उभी होती, काखेत काकूंचा डबा घेऊन. किती वेळ उभी होती देव जाणे. चेहरा मात्र सगळं ऐकल्याचा होता.

"ताई, हा तुमचा," ती म्हणाली. "चुकून माझ्याकडे आला. ह्यांची दाढ हलली."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. काकूंनी डबा घेतला आणि, तुम्हाला खोटं वाटेल, कानाशी धरून हलवला. दणदणीत खडखडला.

"एवढा भरलेला?" काकू म्हणाल्या. "म्हणजे खाल्ली किती?"

"एक. अर्धी. ती पण ह्यांनी." धाकटीने हात पुढे केला. "माझा डबा द्या, जाते."

डबा तर झाडून पुसून रिकामा. आणि आपल्याकडे रिकामा डबा परत देतात का? चिमूटभर साखर तरी घालतात. काकू मला म्हणाल्या, "साखर आण." मी आत जाऊन बरण्या उघडल्या. सगळी साखर पीठ मळताना संपलेली.

"रिकामाच द्या, मला चालतो," धाकटी म्हणाली.

"मला नाही चालत. ह्या घरातून रिकामा डबा गेलेला नाही. बस, भरून देते."

"भरून काय देणार? तुमची नानकटाई? ती आत्ताच परत आणली मी!"

आता मात्र कोणालाच आवरलं नाही. प्रेसमधले काका तर हसता हसता खुर्चीवरून घसरले. निफाडच्या वहिनींनी आपला डबा पुढे केला आणि बेदाण्याची बिस्किटं धाकटीच्या डब्यात ओतली. काकांनी आपली घातली. माझी मुकी बिस्किटंही गेली. प्रत्येक जण मुद्दाम सावकाश घालत होता, एक एक करून, आणि काकू दर वेळी म्हणत होत्या, "अजून जरा राहू दे, अजून भरायचाय." डबा भरेपर्यंत उभं कसं राहायचं, म्हणून धाकटी बसली. बसली तसा बिनसाखरेचा चहा आला. चहा आला तशी तिने काकूंच्या डब्यातून एक नानकटाई घेतली आणि कपात बुडवली. बराच वेळ धरून ठेवली. बाहेर काढली तेव्हा कप रिकामा आणि नानकटाई जशीच्या तशी!

तिने ती कडाकडा चावली. सगळी खाल्ली.

"चव सासूबाईंचीच आहे," ती म्हणाली. "फक्त भट्टीपाशी तुम्हाला उभं करायला नको, ताई."

काकू हसायला गेल्या आणि रडायलाच लागल्या. डोळे मीही पुसले, उगाच खोटं कशाला सांगू. त्या दिवशी जिना उतरताना आम्ही सगळे लग्नाहून परतल्यासारखे बडबडत होतो.

पुढच्या वर्षीचा दिवाळीआधीचा रविवार आला. आमंत्रण आलं नाही, पण आमंत्रण कशाला लागतं? आम्ही सगळे डबे घेऊन काकूंच्या दारात जमलो. दाराला कुलूप. सकाळपासून आवाज नव्हता हे मला तेव्हा जाणवलं. प्रेसमधल्या काकांनी कुलूप हलवून बघितलं, जसं काही ते त्यांच्यासाठी उघडणार होतं. मी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मोठा केला.

"अगं, आम्ही देवीच्या गडावर चाललोय!" काकू ओरडत होत्या. "वणी मागे टाकलं आत्ताच! जीपने! दोघे भाऊ पुढे बसलेत तोंड शिवून, आम्ही दोघी मागे!"

"आणि अदलाबदल, काकू? आम्ही सगळे तुमच्या दारात उभे आहोत!"

"अगोबाई," त्या म्हणाल्या. क्षणभर नुसताच जीपचा आवाज आला. मग अगदी सरळ आवाजात, "आता कशाला गं? आली ना ती."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. निफाडच्या वहिनींनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. इतकी वर्षं आम्ही ती नानकटाई खाल्ली, दात पणाला लावले, कौतुकं केली, आणि आम्हाला वाटत होतं हा घाट आमच्यासाठी आहे. मला पहिल्यांदा रागच आला. मग दाराला लावायची ती वीट, ती दारासमोरची खुर्ची आठवली आणि राग कुठच्या कुठे गेला. नवरी यायची म्हणून जमवलेलं वऱ्हाड होतो आम्ही. नवरी आली, वऱ्हाडाचं काम झालं.

फोन चालूच होता. मागून धाकटीचा आवाज आला, चांगला खडसावणारा, "ताई, हात आत घ्या! किती वेळा सांगायचं? लहान आहात का?"

"ऐकलंस?" काकू मला म्हणाल्या. आनंदाने त्यांचा आवाज फुटत होता. "ऐकलंस का, कशी बोलते मला!"

मग घाटात फोन तुटला. आम्ही त्या जिन्यातच पायऱ्यांवर बसलो आणि डबे उघडले.