खालून मारलेलं पाणी

नवरा सकाळी गाडीत पेट्रोल भरून आला, गाडी खाली लावली, वर येऊन चहा मागितला आणि चहा होण्याआधी गेला.

तेराव्याला, अजून पानं उचलायची होती, तेवढ्यात दिराने विचारलं, "वहिनी, गाडीचं काय ठरवलंय?"

दीर आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहतो. दोघा भावांनी कात्रपमध्ये एकदमच घरं घेतली, तेव्हा पार्किंगची जागा एकच मिळाली आणि ती थोरल्याच्या नावे झाली. पुढे दिराने मोठी गाडी घेतली. ती रस्त्यावर, उन्हात, नारळवाल्याच्या हातगाडीला खेटून उभी असते. आमची जुनी गाडी, जिची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागली होती, ती जिन्यालगतच्या सावलीत. हे त्याला खुपत होतं आणि मला ते ठाऊक होतं. पण भावाच्या तेराव्याला, हाताला श्रीखंड असताना विचारण्याइतकं खुपत असेल असं वाटलं नव्हतं.

काही ठरवलेलं नाही, असं मी सांगितलं. चालवणार कोण, असं त्याने विचारलं. माझ्याकडे लायसन्स आहे हे त्याला माहीत होतं. मी वाईट चालवते हेही माहीत होतं.

त्या गाडीवर माझं प्रेम होतं असं नाही. दर रविवारी सकाळी नवरा बादली, फडकं आणि कपड्यांच्या पिवळ्या साबणाची वडी घेऊन खाली उतरायचा आणि तासभर तिच्याजवळ असायचा. मी वर वाचत बसायचे. मी अंबरनाथच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आठवडाभर पुस्तकं दुसऱ्यांना देते, रविवारी स्वतःला. आम्ही अशी पुष्कळ वर्षं दोन मजल्यांवर सुखाने काढली. फक्त साबणावरून मी एकदा चिडले होते. गाडी कपड्यांच्या वडीने कोण धुतं, आणि वड्या इतक्या लवकर कशा संपतात, असं विचारलं, तर तो म्हणाला, "फेस चांगला येतो." आता ती गाडी हलली तर त्याची रविवारची जागा जाणार होती. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. आणि गेलीच तर दिराला मिळू नये, असं त्याहून जास्त वाटत होतं.

महिन्याभराने मी गाडी बाहेर काढली. टपावर मांजरं झोपून पंजांचे ठसे उमटले होते, काचेवर कुणीतरी बोटाने रेघोट्या ओढल्या होत्या. शिरगावच्या बाजूला एक वॉशिंग सेंटर आहे, तिथवर मी ती दुसऱ्या गियरमध्येच नेली. तिथल्या माणसाने गाडी रॅम्पवर चढवली आणि पाण्याचा पाइप हातात घेऊन विचारलं, "खालून पण मारू का?"

"सगळीकडून मारा," मी म्हटलं. त्या महिन्यात कुणालाही मी इतक्या ठामपणे काही सांगितलं नव्हतं.

परत आले तेव्हा दीर फाटकाशी उभा होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "खालूनसुद्धा धुतली?" मी हो म्हटलं. तो बरं म्हणाला आणि वर गेला.

तक्रार चार-पाच दिवसांत आली. पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो, जिन्यात उभं राहवत नाही, कुणी बिडी ओढली तर इमारत उडेल. सांगायला दीरच आला, सोबत सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरी कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. कारखाना सुटला तरी ऑफिसर सुटलेला नाही.

मला वास येत नव्हता. मला कसलाच वास येत नाही. करोनात गेला तो परत आला नाही. दूध करपलं की नवरा आतून ओरडून सांगायचा, गॅस तोच तपासायचा. हे दिराला माहीत होतं, आणि मला वास येत नाही हे माहीत असणाऱ्या माणसाने वास येतो म्हणून यावं, याचा मी सरळ अर्थ लावला. मी त्यांना चहा विचारला नाही. दारातच म्हटलं की गाडी माझी आहे, जागा माझी आहे आणि नाकं तुमची आहेत.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर गाडीच्या मागच्या भागाखाली ओला डाग होता आणि वॉचमनने त्यावर थेंब धरायला रंगाचा रिकामा डबा सरकवून ठेवला होता. शेजारणी नाकाला ओढणी लावून जात होत्या. हे नाटक चांगलं बसवलंय असं मला वाटलं. यांनीच बाटलीभर पेट्रोल आणून ओतलं असेल, असंही वाटलं. मी चारचौघांत बसून डब्यात बोट बुडवलं. बोट गार पडलं आणि बघता बघता कोरडं झालं. पाणी असं वाळत नाही. मग मी किल्ली फिरवून पेट्रोलचा काटा पाहिला. नवऱ्याने टाकी भरून आणली होती, आणि मी शिरगावपलीकडे कुठे गेले नव्हते. काटा निम्म्याखाली होता.

तरीही माझा राग कमी झाला नाही. वास खरा निघाला म्हणून त्यांची नियत खरी ठरत नव्हती. सेक्रेटरींनी नोटीस लावली की बंद गाडीला जागा ठेवता येत नाही, रविवारच्या सभेपर्यंत गाडी दुरुस्त होऊन सर्वांसमोर चालली पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या सभासदाला. पुढचा सभासद कोण, ते लिहायची गरज नव्हती.

मी पालेगावच्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, गाडी जॅकवर चढवली आणि टाकी उतरवली. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं की नवरा गेला, आता आम्हालाही घेऊन जाणार ही. मी वर पाहिलं नाही. डिकी रिकामी करताना त्यात दोरी, पाना आणि पिवळ्या साबणाची अर्धी वडी निघाली. ती मी बाजूला ठेवली. मिस्त्री टाकी उलटीसुलटी करून म्हणाला, "सडली. नवी कुठं मिलनार नाय. उल्हासनगरला न्या, कॅम्प तीनला. तिकडं टाकीवाले हायत." मग त्याने खालच्या जोडावर नख घासलं, काहीतरी काढून चोळलं आणि पुसून टाकलं.

टाकी टेम्पोत घालून मी उल्हासनगरला गेले. टाकीवाला साठीचा सिंधी गृहस्थ होता, मोठा तुसडा. आधी त्याने मला दुसऱ्याच गाडीची रंग मारलेली टाकी दाखवली आणि ती 'कंपनी का माल' म्हणून गळ्यात मारू लागला. मी नको म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहणंच सोडलं. मी एका उलट्या डब्यावर बसून राहिले. पुस्तक उघडलं, पण ठोकाठोकीत एक ओळ पुढे सरकेना.

त्याने टाकी गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, कारण आत पेट्रोलची वाफ राहिली तर वेल्डिंगच्या वेळी टाकी फुटते. मग आत मूठभर नट-बोल्ट टाकून ती हलवत राहिला. गंजाचं तांबडं पाणी गटारात वाहिलं. मग तारेच्या ब्रशने खालचा जोड घासायला घेतला आणि थांबला.

"ये साबुन किसने लगाया?"

कुठला साबण, मी विचारलं. त्याने टाकी माझ्यापुढे आपटली. खालच्या जोडाच्या कोपऱ्यात, पाणी पोचलं नव्हतं तिथे, पिवळट थर अडकला होता. थरावर थर, दाबून बसवलेले.

"एक बार का काम नहीं है ये," तो म्हणाला. "हर हफ्ते लगाया होगा. फिर बैठ के धो डाला किसने? साबुन पेट्रोल में नहीं घुलता, पानी में घुलता है. बच्चे को भी मालूम है."

मालूम मलाही होतं. शाळेत शिकले होते, आणि घरी रोज कपडे भिजवते. मी म्हटलं, "मैंने धोया." तो काहीतरी पुटपुटत पुन्हा घासायला लागला, आणि तो शेवटचा थर ब्रशबरोबर निघून गेला.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि या वेळी नवऱ्याचा. दर रविवारी तो त्या गाडीखाली झोपून साबण चेपत होता आणि वर येऊन मला फेसाचं सांगत होता. मला वास येत नाही याचा फायदा एकट्या त्यानेच घेतला होता. टाकी बदलू या म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. किंवा गाडी काढू या म्हटलं असतं, कदाचित हेच त्याला ऐकायचं नसेल. हे त्याला विचारायची सोय आता नव्हती, आणि भांडण एकटीने करता येत नाही.

संध्याकाळी पत्र्याचा तुकडा जोडावर बसला. टाकीवाल्याने टाकीची तोंडं बंद करून आत हवा भरली आणि जोडावर साबणाचा फेस फासला. गळत असेल तिथे बुडबुडा फुगतो, असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मी वाकून पाहत राहिले. फेस जिथल्या तिथे बसला आणि वाळला.

शनिवारी मिस्त्रीने टाकी चढवली, कॅनमधलं पेट्रोल गाळून पुन्हा ओतलं. रविवारी सभेची माणसं फाटकाशी उभी असताना मी गाडी सुरू केली. दोनदा बंद पडली. कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा निघाली, आणि मी कात्रपच्या चौकापर्यंत जाऊन परत आले, जागेत लावताना खांबाला आरसा घासला. सेक्रेटरींनी गाडीखाली कोरा कागद सरकवला, पुरेसा वेळ ठेवला, उचलून उन्हात धरला. कागद कोरा होता. जागा माझ्याकडे राहिली असं त्यांनी नाराजीने जाहीर केलं.

लोक पांगले. दीर मागे राहिला. बंपरवर हात ठेवून तो म्हणाला, "आता बिनधास्त धुवा, वहिनी. खालूनसुद्धा."

साबणाचं मी कुणालाही बोलले नव्हते. मिस्त्रीला कळलं असलं तरी तो पुसून गप्प बसला होता.

"भावजी, तुम्हाला माहीत होतं."

"दादाने सांगू नको म्हटलं होतं."

"तो जिवंत असताना."

"तुम्ही विचारलं कुठे?" तो म्हणाला. "तुम्ही तर आम्ही आल्या आल्या नाकं काढलीत आमची."

मी फाटकाशी परतले तो दिवस मला आठवला, त्याचं वाकून पाहणं आठवलं. तेव्हा तो एक वाक्य बोलला असता तर टाकी त्याच दिवशी उतरवता आली असती. त्याने ते वाक्य ठेवून दिलं, आणि टाकी गळायची वाट पाहिली. हे मी त्याला म्हटलं. तो जिना चढून गेला, आणि थोड्या वेळाने माझ्या डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळी मी खाली जाऊन गाडी सुरू करते, थोडा वेळ चालू ठेवते आणि बंद करते. टाकी गळत नाही. साबणाची अर्धी वडी डिकीत आहे. दिराची गाडी रस्त्यावर आहे, आणि आमचं बोलणं बंद आहे.