एकदाच विचारायचं

त्या निवडणुकीत मी एकच अर्ज चार वेळा लिहिला. पहिल्यांदा शाळेच्या वहीतल्या कागदावर, मग आखीव कागदावर, मग कार्बन घालून, आणि शेवटी महाडच्या कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडून टाईप करून. मजकूर दर वेळी तोच होता. पोलादपूर भागातल्या गायन पार्ट्यांची कला टिकावी म्हणून सरकारने इथे गायनाचा वर्ग चालवावा आणि आमच्या वाडीतल्या बुवांना मानधनावर शिक्षक नेमावं. ही लोकसभेची निवडणूक होती. दिल्लीला जाणाऱ्या माणसाकडे हे मागावं की नाही, हेही मला नीट माहीत नव्हतं. पण आमच्या वाडीकडे उमेदवार पाच वर्षांतून एकदा येत, तेवढीच आमची आणि दिल्लीची भेट.

मी तेव्हा महाडच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होतो. आमच्या वाडीतला मी पहिला पदवीधर. त्याचं मूळ बुवांमध्ये आहे. सातवीनंतर वडील मला शेतावर घेणार होते. तेव्हा बुवा पोलादपुराहून चालत महाडला गेले, वसतिगृहाच्या हेडमास्तरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगं हुशार हाय. ठेवून घ्या." हेडमास्तरांनी ठेवून घेतलं. बुवांचं माझ्याशी रक्ताचं नातं नव्हतं. ते आमच्या वाडीच्या गायन पार्टीचे, म्हणजे गाणाऱ्या मंडळीचे, मुख्य गायक. त्यांना चारशेच्या वर गाणी पाठ होती आणि त्यातलं एकही कागदावर नव्हतं.

निवडणुकीच्या त्या वर्षी बुवांची बायको वारली. मुलगा मुंबईत गिरणीत होता. "बाबा, इथं तुम्हाला कोण बघणार? चला माझ्याकडं," असं तो दर खेपेला म्हणे. बुवा टाळत होते. त्यांच्याकडे वाडीतली सहा-सात पोरं संध्याकाळी गाणी शिकायला येत, पण पेरणी आली की कुणी येत नसे आणि परीक्षा आली की कुणी येत नसे. मी वर्गाची कल्पना सांगितली तेव्हा बुवांनी मुलाला निरोप पाठवला, "मतदान होऊ दे. वर्ग निघाला तर मी हलत नाय. नाय निघाला तर येतो." म्हणजे ते वाडीत राहणार की जाणार, हे माझ्या अर्जावर येऊन थांबलं.

शाळा सुटली की मी महाडातल्या प्रचाराच्या कचेऱ्यांत जाई. एका कचेरीत जाड चष्म्याचे एक गृहस्थ बसत. त्यांनी अर्ज उभ्या उभ्या वाचला आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या वाडीत मतं किती?"

मी आकडा सांगितला.

"एवढ्यासाठी गाण्याचा वर्ग?" ते हसले. "अहो, पाण्याचं मागा. रस्त्याचं मागा. गाणं काय, तुम्ही असंही गाताच की फुकट!"

बाकड्यावर आमच्याच बाजूचा एक शेतकरी बसला होता. तो म्हणाला, "खरं हाय त्यांचं, मास्तर. आमच्या बायका दीड मैलावरून हंडे आणतात. तुम्हाला गान्याचं सुचतं."

त्या हंड्यांतला एक माझ्या आईच्या डोक्यावर होता. मी एवढंच म्हणालो, "पाण्याचं सगळेच मागतायत हो. हे दुसरं कोणी मागत नाही." दुसऱ्या दिवशी त्या कचेरीत गेलो तर माझा अर्ज चहाच्या ग्लासांखाली होता. त्यावर तीन गोल डाग पडले होते. टाईप करून घेतला तो त्यानंतर.

मतदानाला दहा-बारा दिवस राहिले असताना त्याच गृहस्थांनी मला बोलावलं. पोलादपूरला त्यांच्या उमेदवाराची सभा होती आणि माणसं जमवायला गाणं हवं होतं. "तुमच्या बुवांना घेऊन या. साहेब येईपर्यंत गाऊ दे. मग मी स्वतः त्यांच्या हातात अर्ज देतो. फक्त अर्जावर बुवांची सही आणा. कलावंताची स्वतःची सही पाहिजे."

इथे मी चूक केली. मला वाटलं, अर्ज कोण वाचतो? बुवांनी मागणी गाण्यातच घालावी, सगळ्या सभेसमोर. मग साहेबांना विसरता येणार नाही. संध्याकाळी वाडीत जाऊन मी बुवांना तसं सांगितलं.

बुवांनी लगेच हो म्हटलं नाही. आमच्या भागात दोन पार्ट्यांचा सामना होतो तेव्हा एक बुवा गाण्यातून सवाल घालतो आणि दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा असतो. जवाब तिथे जमला नाही तर मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सगळ्या पार्ट्या येतात तोवर मुदत. पण तोच सवाल पुन्हा घालायचा नाही. पुन्हा घातला तर विचारणाऱ्याने आपलीच किंमत कमी केली असं धरतात.

"त्यो काय बुवा हाय का? त्याच्यावर सवाल घालू?" त्यांनी विचारलं.

"पुढारी आहे. उत्तर देणं त्याचं कामच आहे," मी म्हणालो.

"बघ हां. घातला म्हणजे घातला."

"घाला बुवा," मी म्हणालो.

सभा दुपारी तीनची होती. साहेब सव्वापाचला आले. बुवा तोवर गात होते. कशेडी घाटाकडे चढणारे ट्रक गिअर बदलत जात, तेवढ्यापुरता आवाज बुडे आणि पुन्हा वर येई. त्या वयात सव्वादोन तास गाणं हे मी त्यांच्याकडून करवून घेतलं. जीप आली, हार झाले, आणि बुवांनी पेटीवाल्याला खूण करून सवाल घातला:

"गळा दिला मी साऱ्या गावा, साठ वरसं उभा राहून,
माझ्या मागं कोण गाईल, सांगा साहेब, वचन देऊन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. स्वतःच्या गळ्यातला एक हार काढून त्यांनी बुवांच्या गळ्यात घातला आणि माईक हातात घेतला. अर्धा तास ते महागाईवर बोलले. मग जीप महाडकडे गेली. बुवा हार घालून तसेच उभे होते. "देईल," ते मला म्हणाले. "इथं सुचलं नसंल."

दुसऱ्या दिवशी मी टाईप केलेला अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेलो. मतदानाआधी तो द्यायचा होता.

"बुवा, इथे सही करा."

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे कालचाच सवाल."

"सवाल नाही बुवा, अर्ज आहे. कचेरीत कागद लागतो."

"नाव बदललं म्हनून सवाल बदलतो काय रे?" ते म्हणाले. "चार गावांसमोर इचारलं मी. आता मागच्या दारानं परत इचारू? नाय. त्याला मार्चपातूर मुदत हाय."

"तो गाणारा नाही हो! त्याला मुदत-बिदत कुठली ठाऊक?"

"तूच म्हनालास ना, उत्तर देनं त्याचं काम हाय?"

मी पेन पुढे केलं. मग त्यांनीच आवाज खाली आणून म्हटलं, "तुझ्यासाठी हेडमास्तराला दोनदा इचारलं व्हतं का मी?"

मी शिकलो तो त्यांच्या एका वाक्यावर. ते वाक्य पुरलं म्हणूनच मी त्यांच्यासमोर टाईप केलेला कागद घेऊन बसलो होतो. कागदाची घडी घातली आणि परत निघालो.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक दुसऱ्याच गावात होती. बोटांना शाई लावता लावता माझ्या मनात एकच विचार होता. सही मीच ठोकून दिली असती तर? तसं मी केलं नाही. ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचे साहेब पडले. मी बुवांकडे गेलो आणि म्हणालो, निवडून आलेल्याकडे जाऊ, नव्याने सांगू. बुवा म्हणाले, "हरला म्हनून सवाल सुटत नाय. सवाल त्याच्यावर हाय."

मार्चमध्ये तळ्यावर गर्दी होती. बुवांची पार्टी पायऱ्यांजवळ बसली होती. पडलेले साहेब दुपारी आले, फुलं वाहिली आणि परत जाताना बुवांसमोर थांबले. बुवांनी गाणं थांबवलं. पेटीवालाही थांबला. मी जवळच होतो.

"वा बुवा, अजून खणखणीत आहे हो आवाज," साहेब म्हणाले. "कुठले तुम्ही?"

"पोलादपूरचा," बुवा म्हणाले.

"छान, छान." साहेब पुढे गेले.

मग बुवांनी अर्धं राहिलेलं गाणं पुरं केलं.

आठवड्याने मी त्यांना पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. एक वळकटी आणि एक पिशवी होती. गाडी सुटायच्या आधी मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "बुवा, मुदत सरली. आता तरी अर्ज पाठवू?"

"माझा सवाल मोडला," ते म्हणाले. "तुला घालायचा तर तुझ्या नावानं घाल."

मी पाचव्यांदा अर्ज लिहिला, खाली स्वतःची सही केली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. सात महिन्यांनी छापील उत्तर आलं. अर्जदार स्वतः कलावंत असणे आवश्यक आहे, असं त्यात होतं.

मी गात नाही. लहानपणी बुवांनी मला दोन वर्षं शिकवून पाहिलं होतं. मग म्हणाले होते, "तू शाळाच शीक."