सगळ्यांच्या गळ्यात एकच ताईत

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी विद्यार्थी झालो आणि विद्यार्थ्यानं जे करायचं तेच केलं. शिकवणाऱ्या बाईंची खोडी काढली. त्या खोडीपायी एका सरळ मुलीला अकरा दिवस केसपेपरच्या खिडकीत बसावं लागलं. हे एकदा लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

गेवराईच्या एका दवाखान्यात मी अठरा वर्षं एक्स-रेच्या डार्करूममध्ये होतो. लाल दिव्याखाली फिल्म धुवायची आणि वाळत घालायची, एवढंच माझं काम. मग डिजिटल मशीन आलं. फोटो थेट कॉम्प्युटरवर दिसू लागला आणि डार्करूममध्ये फिनाइलचे कॅन ठेवले गेले. मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "टेक्निशियनचा कोर्स करा, न्हाईतर त्या कॅनची राखण करा." मी कोर्सला बसलो. बरोबरची पोरं विशीतली, मला काका म्हणायची. शिकवायला आणि प्रॅक्टिकलच्या वहीवर सही करायला आमच्याच एक्स-रे विभागातल्या मॅडम होत्या. वय सव्वीस, गाव तेलगाव. त्याही मला काकाच म्हणत, पण त्यांच्या 'काका'मध्ये छडी असायची.

छडीचं कारण बॅज. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्याच्या छातीवर काडेपेटीएवढा एक बॅज लावलेला असतो. माणसाला किती किरणं लागली ते त्याच्या आतल्या तीन बारीक टिकल्या साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी तो तपासायला पाठवतात आणि तिकडून आकडा येतो. माझा बॅज बहुतेक वेळा माझ्या डब्याच्या पिशवीत असायचा.

"काका, बॅज कुठंय?"

"हाय की मॅडम, पिशवीत हाय."

"मग आकडा तुमचा येणार का भाकरीचा?"

पोरं खिदळायची. हे रोज. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असलेली मुलगी रोज माझ्या भाकरीवर बोलायची, आणि वाईट हे की तिचं बरोबर होतं.

एके दिवशी दुपारी मॅडम जेवायला गेल्या. त्यांचा पांढरा कोट खुंटीवर, कोटाला बॅज. माझे हात शिवशिवले. छातीचा फोटो काढताना माणसाला ज्या स्टँडला छाती टेकवून उभं करतात, त्याच्या पाटीला मी स्वतः रेक्झिनचं कव्हर शिवून घातलं होतं. घामानं पाटी खराब होऊ नये म्हणून. त्या कव्हरच्या आत, वरच्या कडेला मी मॅडमचा बॅज सरकवला. संध्याकाळी फक्त एक वाक्य म्हणायचं होतं, "मॅडम, बॅज कुठंय?" दुपारभर मी ते वाक्य तोंडात घोळवत होतो.

चार वाजता फोन आला. उमापूरला बहिणीची सासू वारली. मी तसाच निघालो. बॅज आठवला तो थेट सरणापाशी. फोन करून सांगता आलं असतं. केला नाही. खोडी ही चूक होती, पण हा न केलेला फोन त्याहून मोठी चूक होती, हे मला तिथं उभ्या-उभ्याच कळत होतं.

उमापुरात मी चार दिवस राहिलो. नेमके तेच चार दिवस दवाखान्यात शिबिर होतं. कारखान्यांवर निघायच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्यांची छाती तपासायची होती. ट्रॅक्टर भरभरून माणसं आली आणि एकेक जण त्या स्टँडला छाती लावून उभा राहिला. पाचव्या दिवशी मी आलो, कव्हरात हात घातला, बॅज काढला आणि गुपचूप कोटाला अडकवला. मॅडमनी तो पाहिला. इकडंतिकडं बघितलं. छातीवर नीट बसवला आणि कुणाला अवाक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, सुटलो.

ऊसतोड अर्धी झाली असेल तेव्हा बॅजचे आकडे आले. मॅडमचा आकडा इतका मोठा की साहेबांनी चष्मा पुसून परत वाचला. चौकशी होईपर्यंत मॅडमना एक्स-रेच्या खोलीत बंदी. रक्त तपासायचं, खुलासा द्यायचा, आणि तोवर केसपेपरच्या खिडकीत बसायचं. खुलासा पटला तरच खोली परत मिळणार होती.

ज्या बाईला मशीनचा नुसता आवाज ऐकून कळायचं की फोटो हलला, ती आता "नाव? वय? गाव?" विचारत बसली. दवाखान्यात झालं भलतंच. झाडणाऱ्या मावशी त्यांच्या हातची चिठ्ठी दोन बोटांत धरून घ्यायला लागल्या.

"बाईच्या अंगात किरनं शिरल्यात म्हनं," मावशी रांगेला सांगत.

"मावशी, मी काय ट्यूबलाइट हाय का?" मॅडम खिडकीतून म्हणायच्या. "बटन दाबून बघा, लागते का."

रांग हसायची. मी भिंतीला टेकून उभा असायचो आणि मला हसू फुटायचं नाही. बोललो तर कोर्स गेला, वहीवरची सही गेली, मी आणि फिनाइलचे कॅन. न बोललो तर ही पोरगी खिडकीतच. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. रोज दुपारी डबा उघडला की धीर सुटायचा.

"कावून जेवना गेलात?" बायकोनं शेवटी विचारलं. मी तिला सगळं सांगितलं.

"मला सांगून तिला काय उपेग?" ती म्हणाली. "जिचं वाटोळं केलं तिला सांगा की."

अकराव्या दिवशी मॅडमनीच मला बोलावलं. साहेबांना खुलासा मराठीत, चांगल्या अक्षरात हवा होता आणि विभागात अक्षर माझं बरं. अठरा वर्षं फिल्मवर नंबर लिहून वळण आलेलं. मी कागद घेऊन बसलो.

"लिहा," त्या म्हणाल्या. "सदर तीन महिन्यांत माझा बॅज सतत माझ्या छातीवर..."

त्या थांबल्या. मी 'छातीवर' लिहून वर बघितलं.

"काका, ती ओळ खोडा." त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "शिबिराचे चार दिवस बॅज माझ्याकडं नव्हता. कुठं पडला कळलंच नाही. मी तशीच काम करत राहिले. तुम्हाला रोज भाकरीवरून बोलायचे, मग कोणत्या तोंडानं सांगू की माझाच हरवला? पाचव्या दिवशी बघते तर कोटालाच. मला वाटलं, मीच आंधळी."

मी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, कोटाला तो मी लावला."

"तुम्हाला कुठं सापडला?"

"छातीच्या स्टँडवर."

"स्टँडवर कुठं?"

"कव्हरच्या आत."

"आत कसा जाईल तो आपल्या पायानं?"

"मी घातला."

मला वाटलं, आता कागद तोंडावर येईल. पण मॅडमची नजर बारीक झाली. त्या उठून बाहेरच्या कॉम्प्युटरपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "शिबिराचे फोटो काढा."

पहिला फोटो एका तगड्या गड्याचा. वरच्या कडेला गळ्याशी एक लहान चौकोन, त्यात ओळीनं तीन टिकल्या. दुसरा फोटो एका बाईचा. तोच चौकोन, त्याच तीन टिकल्या. उंच, बुटका, म्हातारा, पोरगा, सगळ्यांच्या फोटोत तो अगदी त्याच जागी.

"अगं माय," मॅडम म्हणाल्या. "ताईत!"

तेव्हा मला कळलं की शिबिरात डॉक्टर त्यांच्यावर ओरडले होते, लोकांचे ताईत काढून घेत जा म्हणून. गर्दीत लक्ष सगळं फुप्फुसांवर, आणि टोळीत निम्म्यांच्या गळ्यात खरेच ताईत. त्यामुळं कुणाला शंका आली नाही. मॅडम रांगेवर खेकसत राहिल्या. एक मुकादम चिडून म्हणाला होता, "बाई, गळ्यात काय बी न्हाई ओ! आता कातडं काढून ठिवू का?"

"एका म्हातारीला मी डोरलं काढायला लावलं काका," मॅडम म्हणाल्या. "ती मला शिव्या देत गेली. आणि ताईत होता माझाच!"

त्या हसायला लागल्या. पदराची सवय नव्हती म्हणून ओढणी तोंडात कोंबून हसल्या. मीही हसलो, आणि तिथंच चुकलो, कारण त्यांचं हसू एकदम थांबलं.

"अकरा दिवस, काका. अकरा."

मी नवा कागद घेतला.

"आता लिहा. तुमच्या हातानं, तुमच्या नावानं."

मी लिहिलं. खाली त्यांनी आपले बिनबॅजचे चार दिवस स्वतःच्या अक्षरात लिहिले. ते कुणी मागितले नव्हते. दोघं कागद आणि फोटो घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी आधी फोटो पाहिले, मग मला पाहिलं.

"चव्वेचाळीस ना तुमचं वय?"

"होय साहेब."

"मला वाटलं चौदा."

मला ताकीद मिळाली आणि महिनाभर मशीनला हात लावायची बंदी. साहेबांनी फोटो वर पाठवले आणि दुसऱ्याच सकाळी उत्तर आलं की किरणांची मात्रा बॅजला लागली आहे, व्यक्तीला नाही. त्याच सकाळी मॅडम खोलीत परतल्या. मावशींनी त्यांच्या हातचा चहा घेतला, तोही दोन्ही हातांनी. मला मात्र त्या परीक्षेपर्यंत बॅजबद्दल काहीच बोलल्या नाहीत. तो आता माझ्या छातीवरच असायचा, आणि भाकरीवरचं ते बोलणं मी पहिल्यांदाच मनापासून आठवू लागलो. वहीवर सही मात्र नाही. "बघू," म्हणायच्या.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक सर आले होते. शेजारी मॅडम. सरांच्या हातात प्रश्नांचा कागद होता, आणि त्यावरचं अक्षर मी ओळखलं.

"सांगा काका," सर म्हणाले, "बॅजवर मात्रा भरपूर, पण माणसाला काहीच लागलेलं नाही. असं कधी होतं?"

"बॅज मशीनसमोर विसरला तर, सर."

"विसरला?" मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"ठेवला तर," मी म्हणालो.

"हं. आणि ज्याला माहीत आहे त्यानं ते किती दिवसांत कळवायचं असतं?" मॅडमनी विचारलं.

सरांनी कागद खालीवर केला. "मॅडम, हा प्रश्न कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. पण काकांना येतो."

"त्याच दिवशी, मॅडम," मी म्हणालो.

तेव्हा कुठं त्यांनी माझी वही पुढं ओढली आणि सही केली.