अन्सारनं निवडलेला हब

सायकलच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे तारा जिथून निघतात तो मधला तुंबा, कसा निवडा लागते, हे वाशीमकडच्या आमच्या मालेगावात एकाच माणसाले समजे. अन्सार मिस्त्री. बाकीचे दुकानदार डब्बा उघडत, जो चमके तो हब काढत आन गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत. अन्सार तसं करे नाई. तो हब उजव्या कानापाशी धरे, डोये मिटे आन बोटानं त्याच्यावरचं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चक्री, उलटं फिरवे. त्याच्या आतमंधी दोन बारके खटके असतात, मिस्त्री लोक त्यायले कुत्ते म्हणतात. पायडल मारलं का ते दात्यांत अडकतात आन चाक पुढं ढकलतात. पायडल थांबलं का नुसते कटकट वाजत राह्यतात. "दोन्ही बोलून राह्यले," अन्सार म्हणे, "घेऊन जा." मंग त्या हबाले काही होये नाई.

मी सतीश. हायस्कुलात शिपाई आहो, आन सायकलीतलं मले काही म्हणजे काहीच समजत नाई. तरी पंधरा वर्षं माही संध्याकाळ त्याच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर गेली. पाचवीपासून आमी संग शिकलो. त्याच्या घरची ईद आन आमच्या घरची चौदा एप्रिल, दोन्ही टायमाले एकमेकाच्या ताटात हात. माही बायको रत्नमाला त म्हणे, "तुमी दोघायनंच लगन कराले पायजे होतं, आमचं काहून वाटोळं केलं?"

तीन वर्षांपयले अन्सारचे कान गेले. एकदम नाई गेले. बारीक काटा घुसल्यावर ट्यूबमधली हवा जशी कोनाले न समजता जाते, तसे गेले. पयले बायकोचं बोलणं ऐकू येईना. अमीनाभाबी म्हणे, "ते त निकाह झाल्यापासूनच ऐकू येत नाई त्यायले." आमी हासलो. मंग फोनवरचं समजेना. एक दिवस अजान झाली आन हा माणूस आपला पंक्चर काढत बसूनच राह्यला, तवा मले समजलं, याचे कान गेले.

आता सायकलच्या मिस्त्रीचं अर्धं काम कानाचं. लोकायले समजलं असतं त कोन आलं असतं त्याच्याकडं? मंग मीच त्याचा कान झालो. गिऱ्हाईक येऊन सांगे, मागून आवाज येऊन राह्यला. मी बाकड्यावरून बोंबलो, "मागून आवाज येते? पायडल मारतानी का सोडल्यावर?" अन्सार माह्या तोंडाकडे पाहून समजून घे आन अशी मान हालवे, जसं त्यालेच पयले ऐकू आलं. आमाले वाटे, कोनाले पत्ता नाई. लय शहाणे होतो ना आमी!

पण पोराले पत्ता लागला. दानिश त्याचा मोठा, अकोल्यात मोबाइलच्या दुकानात कामाले आहे. मागच्या उन्हाळ्यात अन्सार दुकानासमोरचा रस्ता ओलांडत होता. मागून ट्रकवाल्यानं तीनदा भोंगा मारला, आन यानं वळूनबी पाह्यलं नाई. ट्रक हातभर अंतरावर थांबला. दानिश दुसऱ्याच दिवशी आला, बापाले डॉक्टरकडं नेलं, कानाची मशीन घेऊन देली. ती मशीन कानात शिट्ट्या मारे म्हून अन्सारनं चार दिवसांत काढून ठेवली. तवा दानिशनं साफ सांगतलं, "अब्बा, मी एक डाव येऊन तुमचं काम पाहीन. बरोबर असन त ठीक. नाई त दुकान बंद, तुमी आन अम्मी माह्यासंग अकोल्याले."

दानिशचं चुकलं असं मी म्हणत नाई. माहा बाप असता त म्याबी हेच केलं असतं. पण अकोल्यात तिसऱ्या माळ्यावरच्या खोलीत हा माणूस काय करन? त्याले ना शेती, ना राजकारण, ना पत्ते. ऐकू येत नाई म्हून टीव्हीबी नाई. हातात चाक होतं तोवर तो माणूस होता. ते काढून घेतलं असतं त नुसता बसून संपला असता. मले त्याचं भेव वाटे, आन खरं सांगतो, माहंबी भेव वाटे. मी कोठी जाणार होतो संध्याकाळी?

त्याच दिवसांत माह्या पोरीनं, स्नेहानं, डोकसं खाल्लं. अकरावीत आहे. पोहरादेवीच्या अलीकडं एका टेकडीवर कोन्या तरी मंडळानं सायकलची रेस ठेवली होती, कच्च्या रस्त्यानं. गिअरवाल्यायची येगळी, बिनगिअरवाल्यायची येगळी. तिच्यापाशी मामानं देलेली जाड टायरची जुनी सायकल होती, तिचे गिअर केव्हाचेच मेले होते. अन्सारनं ती उलटी करून पाह्यली. म्हणला, "सारे गिअर काढून टाकू. मागं एकच चक्री ठेवू. चाकाले फक्त हब दुसरा पाह्य लागीन."

दानिश त्या रविवारीच आला. हबाचं त्याले कळवलं होतं, म्हून येतानी अकोल्याहून दोन हब घेऊन आला. तिसरा अन्सारच्या सामानातला, एका जुन्या सायकलचा काढून ठेवलेला. तिन्ही हब बारदान्यावर मांडले. दानिश हाताची घडी घालून उभा राह्यला आन म्हणला, "निवडा अब्बा." स्नेहा सायकल धरून उभी. मी बाकड्यावर. त्या बारदान्यावर अन्सारचं दुकान ठेवलेलं होतं हे आमाले समजत होतं.

आन काय निवडला गड्या त्यानं! पयला हब उचलला, साधा लोखंडी. "याचा एक्सल, मधला दांडा, बारीक," म्हणला. "गिअर नसला का चढावावर पोरीले उभं राहून पायडल मारा लागीन. सारं वजन मागं येते. वाकन हा." दुसरा चमकत होता, दांडी दाबून आवळाचा. "हा आतून पोकळ. कितीबी आवळा, जोर लागला का चाक चिमट्याच्या खाचंतून पुढं सरकते. मंग चेन ढिली." तिसरा घेतला, जुना. जाड भरीव एक्सल, दोन्हीकडून मोठे नट, चिमट्यात असा बसला का जसा तिथंच बनला. दानिश वाकून पाहू लागला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, मले दिसलं.

मंग अन्सारनं आपल्या सवयीनं हब कानापाशी नेला, डोये मिटले आन फ्रीव्हील उलटं फिरवलं. पयले दोन त्यानं हातात फिरवले तवा त्यायचा आवाज म्या आत्ताच ऐकला होता, दाट, कटकट-कटकट. याचा तसा नोता. याचा एकच कट वाजे, मंधात रिकामी जागा, मंग अखीन एक कट. लंगडा माणूस फरशीवरून चालते तसा. सायकलीतलं काही न समजणाऱ्या मलेबी तो समजला. दानिशचं ध्यान मात्र त्या जाड एक्सलवरच होतं.

अन्सारनं डोये उघडले. "दोन्ही बोलून राह्यले," म्हणला. "हाच."

म्या तोंड उघडलं होतं. माह्या लेकराची शप्पथ, उघडलं होतं. पण समोर दानिश उभा. मी म्हणलो असतो, अन्सार, एकच वाजून राह्यला, त दानिशनं त्याच टायमाले शटर ओढलं असतं. म्या तोंड मिटलं. म्हणलं, दानिश गेल्यावर सांगू.

दानिश तीनच्या गाडीनं गेला. जातानी मले म्हणला, "काका, अब्बा अजून पक्के आहेत. राहू द्या दुकान." अन्सारनं दिवसभर बसून तारा ओवल्या, चाक असं सरळ केलं का फिरतानी केसाइतकं हालत नोतं. पोराचं बोलणं म्या त्याले खुणेनं सांगतलं तवा त्याचे डोये भरले. आता त्या टायमाले मी काय सांगू, का तुह्या हबात खोट आहे? म्हणलं उद्या सांगीन. सायकल मी सोता बसस्टँडपर्यंत चालवून पाह्यली. सपाट रस्ता, मस्त चालली. म्हणलं, आवाजाचं काय येवढं, जुना हब आहे, वाजते कसाबी. उद्या, उद्या करत आठ दिवस गेले. मले शिव्या द्याच्या असतीन त द्या. मी रोज देतो.

रेसच्या दिवशी स्नेहा दुसऱ्या चढावावर पुढं होती. उभी राहून, सारा जोर लावून पायडल मारून राह्यली होती. आन एकदम पायडल रिकामं गेलं. आतमंधी काही धरलंच नाई. पोरगी हँडलवर तोंडानं आदळली आन तिथून दगडगोट्यांत. गळ्याखालचं हाड मोडलं, समोरचे दोन दात गेले. वाशीमच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या मले म्हणली, "बाबा, पायडल रिकामं गेलं." आन मी कसा बाप, पाहा. तिले म्हणलो, "चाचाले हे सांगू नोको. गोट्यावरून घसरली म्हणजो." तिनं माह्याकडे पाह्यलं आन मान हालवली.

अन्सार आन भाबी तिले पाह्यले आले. भाबी रडली. अन्सारनं तिच्या डोकशावर हात ठेवला, गोट्याची गोष्ट ऐकून घेतली, आन जातानी मले म्हणला, "सायकल दुकानात आणून दे. दुरुस्त करून ठेवतो." नाई कसं म्हणू? आणून देली.

तिसऱ्या दिवशी त्यानं निरोप धाडला. बाजाराचा दिवस, सकाळचे अकरा. लाइनीतले सारे दुकानं भरलेले. अन्सारनं हब उघडून बारदान्यावर ठेवला होता. मले बोटानं दाखवलं. एक कुत्ता जुन्या वाळलेल्या ग्रीसमंधी चिकटून बसला होता, उठतच नोता. सारा जोर एकट्या दुसऱ्यावर आल्ता, त्याची धार तुटून गेल्ती. अन्सारनं चिंधी रॉकेलात बुडवून तो चिकटलेला पुसला. टुनकन उठला.

"दोन मिनिटाचं काम होतं," तो म्हणला. "हा वाजत नसन त्या दिवशी."

म्या तो तुटलेला कुत्ता उचलून हातात घेतला.

"मले आवाज येत नाई सतीश. मी सवयीनं कानाले लावतो आन सवयीनं बोलतो. म्या समजलो, तू बसला आहे ना. काही खोट असन त सतीश सांगन." त्यानं वर पाह्यलं. "तुले ऐकू आल्तं?"

"हो," मी म्हणलो.

"जोरानं बोल."

"हो, आल्तं."

त्यानं कानामागं हात धरला आन पुढं वाकला. त्याले खरंच समजलं नोतं. म्या इकडंतिकडं पाह्यलं. शेजारी गोजराबाई बांगड्यायच्या दुकानात गिऱ्हाईक करून राह्यली होती, पानठेल्यावर चारपाच जण उभे. अन्सार हात कानामागं धरून तसाच थांबला.

मंग मी ओरडलो. "हो! ऐकू आल्तं मले! एकच वाजत होता! म्या सांगतलं नाई!"

गोजराबाईनं वळून पाह्यलं, पानठेल्यावरच्यायनं पाह्यलं. अन्सार बहिरा झाला हे त्या एका मिनिटात साऱ्या बाजाराले समजलं, आन माहं काय समजलं ते त्यायचं त्यायले माहीत.

"तुही पोरगी होती ना बे ती?" अन्सार म्हणला.

"तुह्यासाठीच केलं बे," असं काही तरी मी म्हणलो, पण हळू म्हणलो, आन त्यानं या डाव जोरानं बोल म्हणलं नाई. हात पुसले. खिशातून आपला मोबाइल काढून माह्यापुढं धरला.

"दानिशले लाव. म्हण, येऊन आमाले घेऊन जाय. मले फोनवर समजत नाई, तूच सांग."

म्या फोन लावला. दानिशनं उचलला, म्हणला, "बोला काका." मी म्हणलो, "तुहे अब्बा बलावून राह्यले, न्याले ये." त्यानं इचारलं, "काहून? काय झालं?" अन्सारनं हातानं खूण केली का मोठ्यानं सांग, मलेबी ऐकू आलं पायजे. मंग भर बाजारात मी दानिशले सारं पयल्यापासून ओरडून सांगतलं.