राऊटरच्या यादीतला आठवा फोन

मी रागीट माणूस आहे. तीस-बत्तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी पोरांवर ओरडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ओरडायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी वस्तूंवर ओरडू लागलो. पाण्याच्या मोटारीवर, गॅसच्या लायटरवर, आणि सगळ्यात जास्त आमच्या दिवाणखान्यातल्या राऊटरवर. त्या शुक्रवारी मात्र मी राऊटरवरून माणसांवर घसरलो. त्याची लाज अजून गेलेली नाही.

अकोल्यात जठारपेठेत आमचं बैठं घर आहे. त्या आठवड्यात बायको पुण्याला सुनेच्या बाळंतपणासाठी गेली होती. घरात मी आणि गावाहून आलेली माझी मोठी बहीण. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात, मीही तिला बाईच म्हणतो. मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावी ती आणि दाजी शेती करतात. खरं सांगायचं तर दाजींचे गुडघे गेल्यापासून बाईच करते.

वर्ष वाईट होतं. तशी त्या काळात एकामागून एक वाईटच वर्षं येत होती. सोयाबीन कापून वावरात पडलं होतं आणि मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता त्यावर पाऊस कोसळला. दोन दिवसांत शेंगांना कोंब फुटले. गुरुवारी दुपारी बाई एसटीने माझ्याकडे आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "भाऊ, सोयाबीन सारं भिजलं. विम्याचं मोबाइलवर कळवा लागते, बहात्तर तासाच्या आत. आमच्याकडचा टॉवर तं बंद पडला."

"हो हो, पाहू," मी म्हटलं. मी लॅपटॉपवर होतो. मान वर केली नाही. मला वाटलं, कुठल्या तरी ऑफिसात कागद द्यायचा असेल, उद्या रिक्षात बसवून देऊ. मोबाइलवर म्हणजे मोबाइलवर, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. माझ्या मते बाईचा फोन म्हणजे बटणांचा फोन. भाच्याने तिला दिवाळीत नवा फोन घेऊन दिला होता. माझ्या बायकोने मागच्या भेटीत त्यात आमच्या वायफायचा पासवर्ड टाकून दिला होता. हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

मला माझीच घाई होती. शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता माझं ऑनलाइन व्याख्यान होतं. अमरावतीच्या एका कॉलेजने ठेवलं होतं. विषय होता, वऱ्हाडातल्या शेतीचं संकट आणि शेतकरी स्त्री. हो, हाच विषय होता.

शुक्रवारी सकाळी रंगीत तालीम म्हणून आयोजकांनी मला पडद्यावर बोलावलं, तर माझा चेहरा थिजलेला आणि आवाज तुटत होता. मी राऊटर बंद केला, दहापर्यंत आकडे मोजून चालू केला. मागच्या वायरी काढून फुंकर मारून परत लावल्या. त्याला टीव्हीच्या मागून उचलून उंच शोकेसवर ठेवलं. फरक शून्य. मग मुलाने एकदा शिकवलं होतं तसं राऊटरचं पान उघडलं. आपल्या नेटवर कोण कोण बसलंय, त्याची यादी तिथे दिसते.

आठ जण होते. माझा लॅपटॉप, माझा फोन, टीव्ही, फाटकावरचे दोन कॅमेरे, बायकोचा जुना टॅब. हे सहा माझे. सातवा आणि आठवा ओळखू येईनात. नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

माझं डोकं तापलं ते सरळ शेजारच्या भिंतीकडे वळलं. शेजारी गादी-रजईचं दुकान असलेलं मुस्लिम कुटुंब राहतं. पंधरा वर्षांचा शेजार. लॉकडाउनमध्ये त्यांच्या मुलीच्या ऑनलाइन तासांसाठी मीच पासवर्ड दिला होता, आणि दिला म्हणून चार ठिकाणी सांगितलंही होतं. भाभी अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

"भाभी, नेट तुमच्या पोरीच्या अभ्यासासाठी दिलं होतं," मी भिंतीवरून म्हणालो. म्हणालो कसला, ओरडलो. "फुकटचं आहे म्हणून साऱ्या मोहल्ल्याले वाटलं काय?"

मोहल्ला हा शब्द मी मुद्दाम वापरला. दुसऱ्या कुठल्या शेजारणीला मी तो वापरला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं.

भाभींनी हातातली चादर दोरीवर टाकली. "सर, पोरगी तं कॉलेजले अमरावतीले गेली. मी फक्त तिच्यासंग दोन मिनिटं व्हिडिओवर बोलते. दुसऱ्या कोणाले नाई दिलं." मग त्यांनी ओले हात पुसले, आत जाऊन फोन आणला आणि भिंतीवरून माझ्यापुढे धरला. "घ्या. तुमच्याच हातानं काढून टाका."

मी काढून टाकलं. थोडं शरमायला हवं होतं, पण मी राग धरून ठेवला. माघारी वळलो तर बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत जाऊन पोळ्या लाटू लागली.

यादीत सातवं नाव गेलं, आठवं तसंच होतं. म्हणजे भाभींनी दुसरा फोन लपवला, असं मी ठरवून टाकलं. त्या आठव्यावर बंदी घातली. मग लॅपटॉप सोडून बाकी सगळं बंद केलं, लॅपटॉपही एकदा बंद करून चालू केला. आणि काय सांगू, नेट वाऱ्यासारखं धावू लागलं! मी स्वतःवर खूश झालो. जेवताना बाईला म्हटलं, "चोर सापडला." ती म्हणाली, "हं."

साडेतीनला व्याख्यान सुरू झालं. छान झालं. वऱ्हाडातली बाई पेरते, निंदते, वेचते, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं आणि तिचा आवाज कुणाच्या कानावर जात नाही, असं मी बोललो. शेवटचं वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हटलं. लोकांनी पडद्यावर टाळ्यांची चित्रं पाठवली. प्रश्नोत्तरं लांबली. संपलं तेव्हा पावणेपाच वाजले होते.

चहा मागायला मधल्या खोलीत गेलो. बाई सतरंजीवर बसली होती, मांडीवर फोन. पडद्यावर तिच्या वावराचा फोटो आणि त्यावर एक गोल फिरत होता.

"काय करून राहिली बाई?"

"अर्ज पाठवून राहिली. भाचा तुझा म्हणे, गोल फिरणं थांबलं का झालं समज. कालपासून फिरूनच राहिलं. मधात एक फोटो गेला, मंग अडकलं."

मी फोन हातात घेतला. वर लिहिलं होतं, इंटरनेट नाही; सिमवरचा नेटपॅकही संपलेला होता. फोन उलटा करून मागचं नाव वाचलं. तीच अक्षरं, तेच आकडे. आठवा.

पाचला बहात्तर तास पुरे होणार होते. मी पळत जाऊन बंदी काढली. तरी गोल फिरतच राहिला. आता तर यादीत दोनच नावं होती, माझा लॅपटॉप आणि बाईचा फोन, तरी नेट चालेना. मी राऊटरला शिव्या दिल्या. मग कोण किती नेट खातंय तो रकाना उघडला. सगळं माझा लॅपटॉप खात होता. गुरुवारी सकाळी मीच माझ्या जुन्या भाषणांचे आणि सत्कारांचे व्हिडिओ ऑनलाइन साठवायला लावले होते. लॅपटॉप बंद-चालू केल्यावर ते काम थांबलं होतं आणि व्याख्यान संपताच आपोआप पुन्हा सुरू झालं होतं. ते थांबवेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून तीन मिनिटं झाली होती.

गोल थांबला.

"झालं वाटते," बाई म्हणाली. "काय लिहून आलं, वाच बरं. माझा चष्मा गावालेच राहिला."

सव्वा तास माइकवर बोललेला मी, मला ते एक वाक्य वाचवेना. शेवटी वाचलं. नुकसान कळवण्याची मुदत संपली आहे.

बाईने फोन माझ्या हातातून घेतला आणि पदराने त्याची काच पुसली. मी म्हटलं, "बाई, मला का नाही सांगितलं? एक हाक मारायची होती."

"तुझं बोलणं चालू होतं ना. दाराआडून सारं ऐकलं मी. चांगला बोलला तू." मग कुणाची तक्रार नसल्यासारखी म्हणाली, "सकाळी मी त्या शेजारच्या बाईकडंच जाणार होती, म्हटलं तिच्या फोनवरून पाठवू. पण तू तिले तसं बोलला. मंग कोणत्या तोंडानं जाऊ? अन् तुलेबी काय सांगू? आपणबी तं फुकटातच वापरून राहिलो, असं वाटलं मले."

ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. दोनच कप ठेवू का शेजारणीलाही बोलावतो, असं तिने आतून विचारलं. मी भिंतीपर्यंत गेलो. अंगणात दोरीवर चादर वाळून कडक झाली होती, दार बंद होतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. परत आलो आणि बाईला म्हटलं, दोनच ठेव.