नाव न घ्यायचा पाहुणा

सानातूला मी बावीस वर्षं ओळखते. ती कुगलोगू गावाची आरोग्य-स्वयंसेविका, मी तिच्या कामावर देखरेख करणारी नर्स. गावात कुणाला ताप आणि पुरळ आहे का, ते दर शुक्रवारी तिनं मला फोनवर सांगायचं. कुणी नसलं तरी फोन करून ‘शून्य’ म्हणायचंच. असलं तर मी जाऊन रक्त घ्यायचं आणि तामालेच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. गोवर की रुबेला, ते तिथं कळतं.

त्या वर्षी तिनं सलग सात शुक्रवार शून्य सांगितलं. इतकं निरोगी गाव जगात नसतं. आठव्या आठवड्यात मी न कळवताच मोटरसायकल काढली.

भरदुपारी गावात शिरले. एकाही अंगणात उकडलेला याम कंद कुटण्याचा आवाज नव्हता. बायका ओठांतल्या ओठांत बोलत होत्या. आमच्याकडे पुरळाला पाहुणा म्हणतात. नाव घेतलं की तो वळून बघतो, आवाज केला की मुक्काम वाढवतो. मीही याच मातीतली. माझी पावलं आपोआप हलकी पडू लागली, याचा मला संताप आला. एका दारावरच्या चटईमागून पोराचे डोळे दिसले. मी हसले, तसे ते अंधारात मागे सरकले. त्याच्यामागे आणखी कुणीतरी श्वास घेत होतं.

सानातूच्या अंगणात तिची लेक वुम्पिनी बसली होती. पहिलटकरीण, तीन महिन्यांची गरोदर. रीतीप्रमाणे पाच आठवड्यांपूर्वीच माहेरी आलेली.

“सात शून्यं कसली गं ही?” मी सानातूला विचारलं.

“हळू बोला, सिस्टर. लिहिलं की तो थांबतो. न लिहिता जाऊ द्यावा.”

“आणि ही पोटुशी पोर?”

“हिला आला तो बिचारा नुसते ठिपके घेऊन. तीन दिवसांत गेला.”

मी पिशवीतून रक्ताची नळी काढली. रुबेला मोठ्यांना असाच येतो, हसतखेळत. पोटातल्या जिवाला मात्र तो सोडत नाही. रक्ताचा निकाल तोच आला. गावातल्या लस चुकलेल्या त्र्याऐंशी पोरांना आम्ही टोचलं. गरोदर बाईला ती लस देत नाहीत, आणि आता दिली असती तरी वरातीमागून घोडंच. मी सानातूला नको नको ते बोलले. तिनं सगळं खाली मान घालून ऐकलं.

सात महिन्यांनी वुम्पिनी बाळाला घेऊन माझ्याकडे आली, सोबत सानातू. मी बाळाला हातात घेतलं. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या दुधाळ होत्या. मी सानातूला त्याच्या कानाशी टाळी वाजवायला सांगितलं. तिनं दोनदा वाजवली. ते दचकलं नाही.

वुम्पिनीनं वाकून बाळाच्या डोळ्यांत पाहिलं. मग म्हणाली, “आई, मी आले तेव्हा तुला माहीत होतं, तो गावात आहे ते?”

सानातू नाही म्हणू शकली असती. मीही गप्प राहिले असते.

“होतं,” ती म्हणाली. “नाव घ्यायची भीती वाटली.”

आणि तिनं नातवाला घ्यायला हात पुढे केले. वुम्पिनीनं ते हात बाजूला सारले आणि बाळ माझ्याकडून काढून घेतलं.